पंख्यावरचे कर्नल

हॉस्टेलच्या कॉटवर उताणं पडून गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे बघणं हा आपल्या सगळ्यांचा आवडता उद्योग. सबमिशनच्या आदल्या रात्री तर हा पंखाच आपला खरा सोबती! आपल्या देशात अशा असंख्य पंख्यांवर एक नाव असतं, क्रॉम्प्टन. आपल्या सातपूरला लागून असलेल्या अंबड एमआयडीसीत त्याच नावाच्या कंपनीने सुरू केलेला स्विचगियरचा मोठा कारखाना अनेक वर्षांपासून आहे. पण क्रॉम्प्टन हे मुळात एका माणसाचं नाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? एडिसन आणि टेस्ला यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. ज्यांचं नाव रोज डोक्यावर फिरतं, त्या कर्नल क्रॉम्प्टन यांच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आणखी एक कारण आहे. हल्ली कुठलीही मोठी इमारत घ्या, तिच्यात वीज एकाच वाटेने येत नाही. महावितरणची लाइन असते, मागच्या शेडमध्ये जनरेटर असतो, ऑफिसात इन्व्हर्टर आणि गच्चीवर सोलर पॅनेल असतात. काही ठिकाणी तर दोन वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून दोन कनेक्शन्स असतात. अशा इमारतीत मेन स्विच खाली ओढला म्हणजे वीज गेली, असं समजणं जिवावर बेतू शकतं. एका इमारतीला अनेक पुरवठे असतील तर काय करायचं, याचे नियम आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण असे नियम लिहायची वेळ माणसावर का आली, हे क्रॉम्प्टन यांच्या आयुष्यातून फार छान समजतं.

रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन यांचा जन्म ३१ मे १८४५ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात थर्स्क गावाजवळ झाला. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पोरगा मात्र घरात बसणारा नव्हता. क्रिमियाच्या युद्धाच्या शेवटी, अवघ्या अकराव्या वर्षी, नात्यातल्या एका कॅप्टनच्या ‘ड्रॅगन’ नावाच्या युद्धनौकेवर तो कॅडेट म्हणून गेला आणि पार क्रिमियापर्यंत पोचला. आपण अकराव्या वर्षी स्कूल बसच्या खिडकीसाठी भांडत होतो! पुढे हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत शिकताना सुट्टीत घरी येऊन त्याने रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन बांधायला घेतलं. त्याला नाव दिलं ‘ब्लूबेल’. इंजिनिअरिंगची कुठलीही डिग्री नसताना!

घरच्या रिवाजाप्रमाणे १८६४ मध्ये तो रायफल ब्रिगेड या पलटणीत अधिकारी झाला आणि थेट भारतात आला. इथे त्याने काय पाहिलं? लष्कराचं सगळं सामान बैलगाड्यांवर चाललेलं. दहा वर्षांच्या भारतातल्या नोकरीतला बराच काळ त्याने एकाच ध्यासात घालवला: बैलांच्या जागी वाफेची गाडी आणायची. व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारने त्याला पाठिंबा दिला. थॉमसन नावाच्या स्कॉटिश संशोधकाने जाड रबरी टायरची वाफेची गाडी बनवली होती. क्रॉम्प्टनने तशी इंजिनं इंग्लंडमधून मागवली. १८७१ मध्ये त्यातल्या एका इंजिनाने चाचणीसाठी इप्सविच ते एडिंबरा आणि परत असा प्रवास रस्त्याने केला. मग ती भारतात येऊन ग्रँड ट्रंक रोडवर धावू लागली. रेल्वे जसजशी पसरत गेली तसतशी ही योजना मागे पडली. पण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. यंत्र नुसतं चांगलं असून भागत नाही. ज्याने ते यंत्र आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, त्या माणसाच्या हातातही ते सुरक्षित राहिलं पाहिजे.

१८७५ मध्ये लष्कर सोडून क्रॉम्प्टन इंग्लंडला परतले आणि चेम्सफर्ड गावच्या एका छोट्या इंजिनिअरिंग फर्ममध्ये भागीदार झाले. विजेशी त्यांची गाठ पडली ती जवळजवळ योगायोगानेच. नातेवाइकांच्या लोखंडाच्या फाउंड्रीत रात्रपाळीसाठी चांगला उजेड हवा होता. क्रॉम्प्टन यांनी पॅरिसहून ग्राम कंपनीचे डायनॅमो आणि आर्क लॅम्प मागवले. दिवे लागले. पण थरथरत होते. मग काय, हे दिवे आपणच सुधारायचे असं ठरवून १८७८ मध्ये त्यांनी चेम्सफर्डलाच स्वतःची कंपनी काढली. पुढच्या काही वर्षांत रेल्वे स्टेशन्स, लंडनची कोर्टाची इमारत, लंडनच्या महापौरांचा मॅन्शन हाऊस हा वाडा असे एकेक ठिकाण त्यांनी उजळलं.

त्या काळातली पद्धत लक्षात घ्या, कारण आपला विषय इथूनच सुरू होतो. तेव्हा गावभर पसरलेली लाइन वगैरे काही नव्हतं. ज्या इमारतीत दिवे हवेत तिथेच तळघरात किंवा आवारात वाफेचं इंजिन आणि डायनॅमो बसवायचा. एक इमारत, एक डायनॅमो. आग लागली, कोणाला शॉक बसला, तर काय करायचं याचं उत्तर सोपं होतं: इंजिन थांबवा. वीज कुठून येते हे इमारतीतल्या झाडूवाल्यालाही माहीत असायचं, कारण त्या इंजिनाचा आवाजच सगळीकडे घुमायचा!

तरीही आगी लागायच्याच. वायर बारीक, इन्सुलेशन कच्चं, जोड ढिले, आणि काम करणारे कालपर्यंत गॅसचे पाइप किंवा घंटीच्या तारा बसवणारे. म्हणून १८८२ मध्ये लंडनच्या टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड इलेक्ट्रिशियन्स सोसायटीने एक समिती नेमली. विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी याचे नियम तिने लिहायचे होते. या समितीत विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन होते, जॉन हॉपकिन्सन होते, अलेक्झांडर सीमेन्स होते आणि क्रॉम्प्टनही होते. म्हणजे आपल्या पुस्तकातली निम्मी नावं एका टेबलाभोवती बसली होती. त्यांनी लिहिलेले नियम जेमतेम चार पानांचे. पण त्यांच्या प्रस्तावनेतला मुद्दा आजही तितकाच लागू आहे. विजेचा दोष बहुतेक वेळा आत असतो, डोळ्यांना दिसत नाही. आणि सर्वांत मोठा धोका काम करणाऱ्याच्या अज्ञानातून येतो. ब्रिटनचे आजचे वायरिंगचे नियम याच चार पानांची वंशावळ सांगतात. आपल्याकडच्या आयएस ७३२ या वायरिंगच्या मानकातही तीच विचारसरणी दिसते.

त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १८८१ मध्ये, व्हिएन्नातल्या रिंग थिएटरला गॅसच्या दिव्यांमुळे आग लागून शेकडो माणसं मेली होती. युरोपभरची नाट्यगृहं घाबरून विजेकडे वळली. व्हिएन्नाच्या ऑपेरा हाऊसला विजेचे दिवे बसवण्याचं मोठं काम क्रॉम्प्टन यांच्याकडे आलं. तिथल्या अनुभवाने त्यांची खात्री पटली की प्रत्येक इमारतीत वेगळं इंजिन ठेवण्यापेक्षा एका जागी वीज तयार करून सगळ्यांना वाटलेली बरी. लंडनला परत येऊन १८८६-८७ च्या सुमारास त्यांनी केन्सिंग्टन कोर्ट या वसाहतीत स्वतःचं वीजकेंद्र उभारलं. रस्त्याखालच्या बोगद्यात उघड्या तांब्याच्या पट्ट्या, त्यांना इन्सुलेटरचा आधार, डीसी पुरवठा आणि जोडीला बॅटऱ्या. डायनॅमो बंद असला तरी बॅटरीवर दिवे चालू राहायचे.

इथे एक मोठा बदल झाला, आणि तो पटकन लक्षात येत नाही. आता विजेचा उगम इमारतीच्या बाहेर गेला. इंजिनाचा आवाज थांबला तरी तारेत वीज असू शकते, असं घडू लागलं. मग घरातल्या माणसाला वीज बंद करायची असेल तर? त्याच्या हाताशी, तार घरात शिरते तिथेच, एक स्विच हवा. आपण ज्याला मेन स्विच म्हणतो त्याची गरज ही अशी.

पुढे गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. सेबास्टियन फेरांटी नावाचा विशीतला तरुण डेप्टफोर्डला दहा हजार व्होल्टचं एसी वीजकेंद्र उभारत होता. क्रॉम्प्टन यांचा पक्ष डीसीचा. दोघांत जाहीर वादविवाद झाले. पण वैर असं नव्हतं, मैत्री टिकून राहिली. आपल्याकडे टेक्निकल इव्हेंटच्या जजिंगवरून वर्षभर बोलणं बंद होतं, त्यांनी हे वाचावं! १८८९ मध्ये लंडनला कोण वीज देणार याची सरकारी चौकशी झाली. त्यात एकाच भागात दोन कंपन्यांना, शक्यतो एक एसी आणि एक डीसी अशा, परवानगी द्यायला हरकत नाही असं धोरण पुढे आलं. हेतू चांगला होता. स्पर्धा होईल, ग्राहकाचा फायदा होईल. पण इंजिनिअरच्या नजरेने पाहा. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांच्या तारा, वेगळा दाब, वेगळी जात. एकाच इमारतीत दोन्ही शिरल्या, तर आत काम करणाऱ्या वायरमनने कोणत्या तारेवर विश्वास ठेवायचा?

हा गोंधळ किती वाढला याचा एक हिशोब प्रसिद्ध आहे. १९१७ च्या सुमारास मोठ्या लंडन परिसरात वीज पुरवणाऱ्या ७० संस्था होत्या. त्यांच्याकडे ५० प्रकारच्या पद्धती, १० वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आणि २४ वेगवेगळे व्होल्टेज होते. म्हणजे घर बदललं की बल्बही बदला!

एसी-डीसीच्या लढाईत क्रॉम्प्टन यांची बाजू शेवटी हरली. जग एसीकडे गेलं. पण मला त्यांच्यातली सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती या हरण्यानंतरची. आपली पद्धत चालली नाही म्हणून ते रुसून बसले नाहीत. पद्धत कोणाचीही असो, सगळ्यांनी एकच भाषा बोलली पाहिजे, या कामाला ते लागले. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला भरलेल्या विद्युत परिषदेत त्यांनी मानकांचा विषय मांडला, आणि जगभरच्या देशांना एकत्र आणायची जबाबदारी त्यांच्यावरच पडली. जून १९०६ मध्ये लंडनला इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनची, म्हणजे आपल्या लॅबमधल्या उपकरणांवर जिची अक्षरं असतात त्या आयईसीची, स्थापना झाली. लॉर्ड केल्विन पहिले अध्यक्ष आणि क्रॉम्प्टन पहिले मानद सचिव. आज सातपूरच्या कारखान्यात बनलेला सर्किट ब्रेकर परदेशातल्या माणसाला न विचारता कळतो, याचं मूळ त्या बैठकीत आहे.

आता आजच्या नियमांकडे येऊ. अमेरिकेत १८९७ पासून नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आहे. त्याचा पाया अगदी साधा: एका इमारतीला एकच पुरवठा. का? कारण आग विझवायला आलेल्या माणसाला एकाच ठिकाणी जाऊन सगळी वीज तोडता आली पाहिजे. यालाही अपवाद आहेत, आणि ते विचारपूर्वक ठेवलेत. आगीच्या पंपाला वेगळा पुरवठा चालतो, कारण आग लागल्यावर मेन बंद केला तर पंपही बंद पडून चालणार नाही. आणीबाणीच्या दिव्यांना, जनरेटरला, फार मोठ्या इमारतीला, वेगळा व्होल्टेज लागत असेल तर, असे अपवाद आहेत. पण अट एकच. दुसरा पुरवठा घेतलात तर प्रत्येक पुरवठ्याच्या ठिकाणी कायमची पाटी लावा: या इमारतीला आणखी कुठून वीज येते आणि ती कुठे बंद होते.

आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत, एकापेक्षा जास्त फीड असलेल्या जागेबद्दल स्वतंत्र कलम आलं. अशी जागा, खूण करून किंवा दुसऱ्या कुठल्याही व्यवहार्य मार्गाने, इतरांपासून चटकन वेगळी ओळखू येईल याची खात्री करणं ही मालकाची जबाबदारी. २०१० च्या नियमांची जागा आता २०२३ च्या नियमांनी घेतली आहे.

नुसती पाटी पुरते का? नाही. म्हणून आपल्या सातपूर-अंबडच्या पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉप्समध्ये एक भन्नाट युक्ती बघायला मिळते. दोन ट्रान्सफॉर्मरवरून दोन इनकमर आणि मधे बस कपलर, असे तीन ब्रेकर. तिन्हींना कुलपं तीन, पण किल्ल्या दोनच! ब्रेकर चालू केला की किल्ली आत अडकते, बंद केल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणजे तीनपैकी कुठलेही दोनच ब्रेकर एका वेळी चालू राहू शकतात. दोन पुरवठे चुकूनही एकमेकांना भिडणार नाहीत. यात ना सॉफ्टवेअर, ना सेन्सर. रात्रपाळीचा झोपाळलेला ऑपरेटरही इथे चुकू शकत नाही. (हो, तिसरी डुप्लिकेट किल्ली करून घेणारे महाभागही असतात. त्यांच्यासाठी कुठलाच नियम पुरेसा नाही.)

जनरेटरच्या बाबतीत हेच काम चेंजओव्हर स्विच करतो. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं लोडशेडिंगची होती, तेव्हा दुकानादुकानात छोटे जनसेट आले. चेंजओव्हर न बसवता जनसेटची वायर सरळ सॉकेटमध्ये खुपसणं किती धोक्याचं आहे बघा. घरातले २३० व्होल्ट लाइनवरून उलटे ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातात. ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं कळत नाही, तो इमानदारीत दाब वाढवतो आणि पलीकडच्या बाजूला ११,००० व्होल्टपर्यंत तयार होऊ शकतात. त्या खांबावर लाइन बंद आहे असं समजून वायरमन चढलेला असतो. त्याने आपलं काम बरोबर केलेलं असतं. फ्यूज काढलेला असतो, परमिट घेतलेलं असतं. फक्त त्याला दुसरा पुरवठा माहीत नसतो. (गच्चीवरच्या सोलरचा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर मात्र लाइन गेली की आपोआप बंद होतो. तो नियमच तसा आहे, आणि याच वायरमनसाठी आहे.)

न्यूट्रलचीही तीच गोष्ट. आपण त्याला गरीब बिचारा समजतो. पण दोन पुरवठ्यांचे न्यूट्रल आत कुठेतरी एकत्र बांधले, तर बंद केलेल्या भागाच्या न्यूट्रलमधूनही करंट वाहत राहतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी जनरेटरसाठी चार पोलचा चेंजओव्हर वापरतात, जो फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. पुस्तकात न्यूट्रलला उदासीन तार असा शब्द आहे. ती इतकीही उदासीन नसते!

लंडनची ती दोन कंपन्यांची गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. मुंबईच्या उपनगरात २००९ पासून ग्राहकांना टाटा की रिलायन्स, अशी निवड करता येऊ लागली. एकाच बिल्डिंगमधल्या समोरासमोरच्या दोन घरांची बिलं दोन कंपन्यांची. पण बऱ्याच ग्राहकांच्या बाबतीत तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या, फक्त वीज विकणारा बदलला. म्हणजे स्पर्धाही झाली आणि प्रत्येक घरात दुसरी तार शिरली नाही. एकशे वीस वर्षांपूर्वी लंडनने जो घोळ घातला त्यातून जग काहीतरी शिकलं म्हणायचं.

क्रॉम्प्टन मात्र विजेवर थांबले नाहीत. १८९० च्या दशकात वीजयोजनांवर सल्ला द्यायला ते पुन्हा भारतात आले. बोअर युद्धात स्वयंसेवक विद्युत इंजिनिअर्सची तुकडी आणि सर्चलाइट घेऊन दक्षिण आफ्रिकेला गेले, आणि कर्नल ही उपाधी नावाला कायमची चिकटली. पहिल्या महायुद्धात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते रणगाड्याच्या सुरुवातीच्या आराखड्यांवर काम करत होते. वाफेच्या गाडीचा नाद असा शेवटपर्यंत सुटला नाही! विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरेडे पदक १९२४ मध्ये फेरांटींना दिलं आणि १९२६ मध्ये क्रॉम्प्टनना. लढाईतले दोन्ही पक्ष एकाच यादीत. १९३३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १५ फेब्रुवारी १९४० रोजी यॉर्कशायरमध्येच त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या नावाची कंपनी मुंबईत १९३७ मध्ये सुरू झाली होती, पुढे १९६६ मध्ये तिचं क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झालं.

अशा माणसाकडून आपण काय घ्यावं? माझ्या मते एकच. इंजिनिअरने स्वतःला माहीत आहे म्हणून निवांत राहू नये. आपण उभारलेल्या इमारतीत उद्या जो अनोळखी माणूस येईल, फायर ब्रिगेडचा जवान असेल, बदलून आलेला वायरमन असेल, त्याला आपल्याला फोन न करता समजलं पाहिजे की वीज कुठून येते आणि कुठे बंद होते. तांबं, लोखंड आणि रिले यांच्याइतकीच ती एक पत्र्याची पाटीही इंजिनिअरिंगच आहे.

तेव्हा एक गृहपाठ. रविवारी मेसमध्ये जायच्या आधी आपापल्या हॉस्टेलच्या मीटर रूमच्या दारापाशी जा. आत हात घालू नका, फक्त बाहेरून वाचा. या इमारतीत वीज किती वाटांनी येते आणि प्रत्येक वाट कुठे बंद होते, हे तिथे लिहिलंय का? लिहिलं नसेल, तर रेक्टर सरांकडे अर्ज लिहायला कागद माझ्याकडे आहे. सह्या करायला या!